फोटो काढण्यापूर्वी

आमच्या वऱ्हाडात एक्स-रेला 'फोटो' म्हणतात. सीटी स्कॅन म्हणजे 'मोठा फोटो'. शब्द मोठा सोयीचा आहे. लग्नात फोटो काढतात, तसा दवाखान्यातही काढतात. मग त्यात भिण्याजोगे काय असणार?

मी मराठीचा प्राध्यापक. शब्द माणसाला गाफील कसा ठेवतो, हे मला रोज वर्गात दिसते. १८९५ साली रोंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला हे किरण सापडले, तेव्हा त्यांचे स्वरूप उमगेना म्हणून त्याने त्यांना बीजगणितातल्या अज्ञाताचे अक्षर दिले. आपण त्यांना 'क्ष-किरण' म्हटले. पुढे किरणांची ओळख पटली. पण एका तपासणीत अंगात किती किरण जातात, हे मात्र अजून पुष्कळांना अज्ञातच आहे.

रोग्याला ते ठाऊक नसावे यात नवल नाही. पण डॉक्टरांना? २००३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटा निबंध आला. लेखकांत पहिलेच नाव शिराळकर! आपल्याकडचे आडनाव पाहून कौतुक वाटले. निष्कर्ष वाचून मात्र धास्ती वाटली. छातीचा एक साधा फोटो हे एक माप धरले, तर इतर तपासण्या किती मापांच्या, असे विलायतेतल्या १३० डॉक्टरांना विचारले होते. ९७ टक्के उत्तरे प्रत्यक्षाहून कमी निघाली. सोनोग्राफीत असले किरण नसतातच, हेही काहींच्या गावी नव्हते.

प्रत्यक्ष हिशेब असा. माती, आकाश, अन्न यांतून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. छातीच्या एका फोटोत त्याचा अगदी अल्प अंश असतो. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र सुमारे ८ ते १०, म्हणजे तीन-चार वर्षांचा वाटा एका बैठकीत! एका स्कॅनने कर्करोगाचा धोका वाढतो तो थोडाच. पण तो साठत जातो, आणि लहान मुलांना अधिक असतो.

नांदगाव पेठेत आमच्या शेजारच्या आजींचा नातू ओट्यावरून पडला. अमरावतीला एका दवाखान्यात डोक्याचा स्कॅन झाला. तो निर्मळ निघाला. आठवड्याने दुसऱ्या दवाखान्यात पुन्हा स्कॅन सांगितला. मी सोबत होतो. पहिला पाहिलात का, असे विचारले, तर डॉक्टर म्हणाले, "आमच्या मशीनवर स्पष्ट येतो." आणि किरणांचे काय? "अहो सर, काही नसतं त्यात!" पोर सुखरूप आहे. पण आजींचेही ऐका : "भाऊ, फोटू काढला नाही त मनाले समाधान कसं होईन?" जो डॉक्टर फोटो काढत नाही त्याला आपण जुनाट ठरवतो, मग तोही कशाला वाद घालील?

मुंबईची अणुऊर्जा नियामक परिषद यंत्रांना परवाने देते. यंत्र चालवणाऱ्याच्या छातीवर बिल्ला असतो; त्यावरून त्याला मिळालेले किरण मोजले जातात आणि त्याला वार्षिक मर्यादाही आहे. रोग्याला मात्र तशी मर्यादा नाही. ती नाही हेही योग्यच. जीव वाचवताना मोजपट्टी आड येऊ नये. पण मग सारी मदार डॉक्टरांच्या विवेकावर राहते, आणि माहितीवाचून विवेक कसा चालायचा? १९५६ साली ऑक्सफर्डच्या डॉ. ॲलिस स्ट्यूअर्ट यांनी गर्भवतींच्या एक्स-रेचा बालकांच्या कर्करोगाशी संबंध दाखवला. वैद्यकविश्वाला ते पटायला पुष्कळ वर्षे लागली.

म्हणून भिऊन तपासणी नाकारू नये. अपघातात, पक्षाघातात स्कॅनने प्राण वाचतात. फक्त जुने फोटो आणि अहवाल दिवाळीच्या आवराआवरीत फेकू नका. तारखेवार लावून ठेवा आणि दवाखान्यात न्या. घरातली सून गरोदर असेल, तर ते आधी सांगा. आणि नम्रपणे तीन गोष्टी विचारा : याने उपचार बदलणार आहे का? सोनोग्राफीने किंवा एमआरआयने भागेल का? पूर्वीचा फोटो चालेल का?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. ज्याला उत्तर येत नसेल, तो निदान घरी जाऊन पुस्तक तरी उघडील.