फाईल पाठविण्याची नवी वाट आणि जुनी पोच

गेल्या वर्षीं आपल्या एका बागाईतदार सभासदाचा नुकसानभरपाईचा अर्ज अपुरा ठरला. बागेचीं छायाचित्रें व खातेउतारा त्यांनीं शेवटच्या दिवशीं, रात्रीं उशिरां, मोबाईलवरून जोडण्यास घेतला. नव्वद टक्के काम झालेलें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें आणि फाईल गेली अशा समजुतीनें मोबाईल बंद केला. प्रत्यक्षांत ती गेलीच नव्हती. कागद खरे होते, नुकसानही खरें होतें. उणीव होती ती पोचेची. तीस वर्षें महसूल खात्यांत आवक-जावक लिहिण्यांत घालविलेल्या मजसारख्यास ही गोष्ट फार लागून राहिली. यास्तव फाईल एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत पूर्वीं कशी जात असे, हल्लीं ब्राउझरमधून कशी जाते आणि पाठविणारानें कोणती काळजी घ्यावी, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

या कामाची जुनी रीत म्हणजे एफटीपी. फाईल पाठविण्याघेण्याच्या ठराविक नियमांस हें नांव आहे. त्यांचा पहिला मसुदा अभय भूषण या भारतीय अभियंत्यांनीं अमेरिकेंतील एम्‌आयटी या संस्थेंत असतांना एप्रिल १९७१ मध्यें प्रसिद्ध केला. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडींतून ते बाहेर पडले होते. पुढें ऑक्टोबर १९८५ मध्यें या नियमांस जें रूप मिळालें, तेंच आजही मुख्यतः प्रमाण आहे.

या रीतीनें फाईल पाठवावयाची तर संगणकावर निराळा प्रोग्राम बसवावा लागतो. सर्व्हर, म्हणजे फाईल ठेवून घेणारें दूरचें यंत्र, त्याचा पत्ता, आपलें नांव व पासवर्ड हीं त्यांत भरावीं लागतात. मग दोन वाटा उघडतात. एकीवरून हुकूम जातात व दुसरीवरून माल जातो. जणूं कोतवाल निरोप घेऊन पुढें आणि दप्तराचें गाठोडें घेऊन गाडी मागें. कित्येक कचेऱ्यांच्या यंत्रांभोंवतीं संरक्षणाचा कोट असतो. अशा ठिकाणीं कोतवाल आंत पोहोंचतो आणि गाडी वेशीबाहेर अडकते, असें पुष्कळदां घडे. दुसरा दोष याहून मोठा. मूळ एफटीपींत पासवर्ड व मजकूर हे दोन्ही उघडे जातात. वाटेंत टपून बसलेल्यास ते वाचतां येतात. शिवाय साधा मजकूर व चित्रें यांच्यासाठीं पाठविण्याच्या दोन निराळ्या तऱ्हा आहेत. छायाचित्र चुकून मजकुराच्या तऱ्हेनें पाठविलें तर तें बिघडून पोहोंचण्याचा संभव असतो.

ब्राउझर म्हणजे ज्या प्रोग्राममधून आपण संकेतस्थळें पाहतों तो. आरंभीं त्याचें काम मुख्यतः दूरचे कागद आणून दाखविण्याचें होतें. पडद्यावरील अर्जांतच फाईल जोडण्याची सोय असावी, अशी सूचना नोव्हेंबर १९९५ मध्यें रीतसर मांडली गेली. आज आपण अर्ज भरतांना ‘फाईल निवडा’ ही कळ दाबतों, ती त्याच सूचनेचें फळ होय. येथें निराळा प्रोग्राम नको, दोन वाटा नकोत; अर्ज व त्याचे जोडकागद एकाच वाटेनें जातात. पत्त्याच्या आरंभीं ‘एचटीटीपीएस’ हीं अक्षरें असलीं म्हणजे लखोटा मोहोरबंद आहे असें समजावें. उलट, फायरफॉक्सनें जुलै २०२१ मध्यें आणि क्रोमनें ऑक्टोबर २०२१ मध्यें एफटीपीची सोय आपल्यांतून साफ काढून टाकली. त्यामुळें त्या रीतीचा जुना पत्ता या ब्राउझरांत आतां उघडत नाहीं.

तथापि जुन्या प्रोग्रामांचा एक गुण विसरूं नये. शेंकडों फाईली कप्प्यांसकट एकदम पाठविणें आणि मध्येंच तुटलेली फाईल तेथूनच पुढें नेणें, हें त्यांस चांगलें साधतें. ब्राउझरमधील साध्या अर्जांत लाईन तुटली तर बहुधा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. संकेतस्थळानें फाईलीचे तुकडे करून घेण्याची तजवीज केली असेल तरच श्रम वांचतात. ज्यांस असें मोठें काम नित्य पडतें त्यांनीं एसएफटीपी ही रीत मागून घ्यावी. नांवांत साम्य असलें तरी ती मूळ एफटीपीहून निराळी असून तिच्यांत सर्व कांहीं मोहोरबंद जातें.

आतां वेळेचा हिशेब पाहूं. फाईलीचें माप मेगाबाइटांत देतात व लाईनचा वेग मेगाबिटांत सांगतात. आठ बिटांचा एक बाइट होतो. १०० मेगाबाइटांची फाईल म्हणजे ८०० मेगाबिट. पाठविण्याचा वेग सेकंदास ४ मेगाबिट असेल तर तीस निदान २०० सेकंद, म्हणजे तीन मिनिटें वीस सेकंद लागतील. घेण्याच्या वेगापेक्षां पाठविण्याचा वेग पुष्कळ ठिकाणीं कमी असतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

सभासद बंधूंनीं पुढील गोष्टी अवश्य पाळाव्या:

१. पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. मोहोर वाटेंत रक्षण करते; लखोटा घेणारा इसम प्रामाणिक आहे कीं नाहीं, हें ती सांगत नाहीं.

२. फाईल केवढी चालेल व कोणत्या प्रकारची चालेल, हें आधीं पाहावें. फाईलीस गटक्रमांक व तारीख यांवरून ओळखतां येईल असें नांव द्यावें.

३. पडद्यावरील टक्केवारीस पोच समजूं नये. शंभर टक्के झाल्यावरही समोरच्या यंत्रानें फाईल तपासून ठेवून घेणें उरतें. पोच क्रमांक मिळाल्यावरच काम झालें. तो क्रमांक, तारीख, वेळ, फाईलीचें नांव व माप वहींत टिपून ठेवावें.

४. पाठविलेली फाईल त्याच संकेतस्थळावर पुन्हां उघडून पाहण्याची सोय असेल तर ती उघडून पाहावी. माप जुळलें तरी अक्षरें वाचतां येतात कीं नाहीं, हें डोळ्यांनींच पाहिलें पाहिजे.

५. मूळ प्रत निकाल लागेपर्यंत पुसूं नये आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहूं नये. त्या रात्रीं सर्वांचीच गर्दी असते.

कचेरींत आम्ही लखोटा देऊन शिपायास धाडीत असूं. पोचवहीवर सही न घेतां तो परत आला, तर ऊन असो वा पाऊस, त्यास पुन्हां पाठवीत असूं. त्या वेळीं तो मनांत आम्हांस शिव्या देत असेल. पण त्या सहीच्या बळावर किती तरी गरिबांचे दावे पुढें उभे राहिले. ब्राउझर हा नवा शिपाई मोठा चपळ आहे, परंतु त्यास पोच विचारणें हें आपलेंच काम आहे. वर सांगितलेल्या सभासदांचें वर्ष गेलें तें गेलें. संघाच्या कचेरींत आतां याच कामासाठीं एक पोचवही घातली आहे. ज्यांस घरीं लाईन नाहीं किंवा अर्ज भरतांना मन साशंक होतें, त्यांनीं कागद घेऊन अवश्य यावें. दोघे मिळून पाठवूं आणि क्रमांक उतरवून घेतल्यावरच उठूं.