मांजराची नखं कापताना

मांजराच्या पुढच्या पंजांना पाच-पाच आणि मागच्या पंजांना चार-चार, अशी एकूण १८ नखं असतात. पुढच्या पंजाचं पाचवं नख आतल्या बाजूला, जरा वर, अंगठ्याच्या जागी असतं. ते जमिनीला टेकत नाही आणि नखं कापताना नेमकं तेच राहून जातं. काही मांजरांना जन्मतःच जास्त बोटं असतात. त्यांची नखं आधी मोजून घेतलेली बरी.

मांजराचं नख केराटिनचं, म्हणजे माणसाची नखं आणि केस ज्याचे बनतात त्याच द्रव्याचं असतं. पण माणसाचं नख बोटावर चपटं पसरलेलं, तर मांजराचं बोटाच्या शेवटच्या हाडावर टोपणासारखं बसलेलं आणि आकड्यासारखं वळलेलं. मांजर निवांत असताना हे शेवटचं हाड लवचीक अस्थिबंधांनी मागे दुमडलेलं राहतं. त्यामुळे चालताना नख फरशीला घासत नाही आणि त्याची धार टिकते. झाडावर चढायचं असलं, उंदीर धरायचा असला, की स्नायू आकुंचन पावून नख बाहेर येतं. कापणाऱ्याला याच रचनेचा उपयोग होतो. अंगठा बोटाच्या वर आणि तर्जनी खालच्या मऊ गादीवर ठेवून हलकेच दाबलं की नख आपसूक पुढे सरकतं.

खिडकीच्या उजेडात ते पाहिलं तर दोन भाग स्पष्ट दिसतात. टोकाकडचा पांढुरका, अर्धपारदर्शक, मुळाकडचा गुलाबी. हा गुलाबी भाग म्हणजे जिव्हाळी. तिच्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, म्हणून तिथे कात्री लागली तर रक्त येतं आणि मांजराला खूप दुखतं. नखं कापण्याचं सगळं कसब जिव्हाळीला धक्का न लावण्यात आहे. गुलाबी रेघ संपते तिच्या पुढे दोनेक मिलिमीटर जागा सोडायची आणि फक्त बाकदार अणकुचीदार टोक उडवायचं. नख गडद असेल आणि रेघ दिसत नसेल, तर टोकाचा अगदी लहानसा तुकडाच घ्यावा. कमी कापलं तर आठवड्याने पुन्हा कापता येतं.

सगळ्याच मांजरांची नखं कापायची नसतात. गावाकडे आणि चाळींत मांजरं घरात जेवतात आणि बाहेर फिरतात. कुत्रा मागे लागला की झाडावर किंवा कौलांवर चढायला नखंच कामी येतात. अशा मांजराची नखं तशीच राहू द्यावीत. फ्लॅटमध्ये बंद दाराआड राहणाऱ्या मांजराची गोष्ट वेगळी. त्याची नखं पुरेशी झिजत नाहीत, चादरीत, पडद्यात, गोधडीच्या टाक्यांत अडकतात, आणि घाबरून हिसका दिला तर नख मुळातून उपटतं. म्हातारं मांजर खाजवणं कमी करतं, त्याची नखं जाड आणि ठिसूळ होतात, आणि अंगठ्याचं नख गोल वळून गादीतच घुसू शकतं. घरातलं मांजर लंगडत असेल तर हे नख आधी तपासावं. साधारण दोन ते तीन आठवड्यांनी एकदा नखं पाहावीत, वाढली असतील तरच कापावीत.

खरी मेहनत कात्री हातात घेण्याआधीची आहे, आणि तीच बहुतेक घरांत टाळली जाते. मांजराला पंजा धरलेला आवडत नाही. त्यामुळे आधी काही दिवस ते मांडीवर पेंगत असताना पंजावरून हात फिरवायचा, एखादं बोट दाबून नख बाहेर काढायचं, लगेच सोडायचं आणि उकडलेल्या चिकनचा बिनमिठाचा तुकडा द्यायचा. मग नखाची कात्री नुसती जवळ ठेवायची, तिचा ‘कट्’ आवाज ऐकू द्यायचा. मांजर पंजा ओढून घेईनासं झालं की एक नख कापावं. एका बैठकीत एक पंजा झाला तरी उत्तम, एकच नख झालं तरी पुरे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला ही सवय चटकन लागते. मोठ्या मांजराला महिनाही लागू शकतो, आणि तो द्यायलाच हवा. जबरदस्तीने एकदा १८ नखं कापून होतील, पण पुढच्या वेळी कात्री दिसताच मांजर पलंगाखाली जाईल.

मांजरांसाठी मिळणारी, पात्याला अर्धगोल खाच असलेली छोटी कात्री सर्वांत सोयीची. माणसाचं नेलकटर चालवायचं झालं तर नख चेपून चिरणार नाही याची काळजी घ्यावी. पातं बोथट असेल तर कात्री बदलावी. मांजर फारच वळवळत असेल तर टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून एकेक पंजा बाहेर काढता येतो. मानगूट धरून मात्र दाबू नये. शेपूट आपटायला लागली, कान मागे पडले, पाठीची कातडी थरथरली, की त्या दिवसापुरतं काम थांबवावं.

काळजी घेऊनही कधी जिव्हाळीला कात्री लागतेच. अशा वेळी स्वच्छ कापसाने नखाचं टोक दोन-तीन मिनिटं दाबून धरावं. घरातलं कॉर्नफ्लोअर टोकाला दाबून लावलं तरी रक्त थांबायला मदत होते. दहा मिनिटांनीही थांबलं नाही, नख तडकलं किंवा गादीत घुसलेलं दिसलं, तर पशुवैद्याकडेच न्यावं.

नखं कापली म्हणून मांजराचं खाजवणं थांबत नाही, थांबवूही नये. नख थरांनी वाढतं आणि वरचा जुना थर खाजवताना निघून येतो. सोफ्यापाशी झाडताना सापडणारी बाकदार, पोकळ टरफलं ती हीच. ती पाहून नख तुटलं असं समजायचं कारण नाही. शिवाय पंजातल्या ग्रंथींचा वास त्या जागी लागतो आणि ही जागा आपली, अशी खूण मांजर ठेवतं. जाड फळीला गोणपाट ठोकून किंवा लाकडी खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून ते सोफ्याशेजारीच उभं केलं, की सोफा बराच वाचतो. खांब डगमगणारा नसावा आणि मांजर त्यावर पूर्ण ताणून उभं राहू शकेल इतका उंच असावा.

फर्निचर वाचवण्यासाठी नखं कायमची काढण्याची शस्त्रक्रिया मात्र क्रूर आहे. नख हाडावर उगवत असल्यामुळे तीत प्रत्येक बोटाचं शेवटचं हाडच छाटावं लागतं. ब्रिटनमध्ये ती बेकायदा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये तिच्यावर बंदी घातली.

नखं कापताना माणसाला ओरखडा आला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. रक्त न आलेला ओरखडाही रेबीजच्या दृष्टीने दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. पिसवांची विष्ठा नखांत अडकून ओरखड्यातून जिवाणूही शरीरात जातात. त्याने ताप येतो, काखेत किंवा मानेत गाठी सुजतात. म्हणून मांजराला रेबीजची लस वेळेवर द्यावी आणि पिसवांचं औषध पशुवैद्यालाच विचारून लावावं, कारण कुत्र्यांसाठीच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं.