जुना संगणक, मोठा पडदा आणि माझी एक चूक

मुलांनो, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी एक पेच पडला. आजोबांना नाटकांची भारी आवड. पण मोबाइलवर त्यांना चेहरेच नीट दिसेनात. टीव्ही आहे, पण जुना, साधा. त्यावर इंटरनेट नाही. मग चिन्मयला, म्हणजे माझ्या सहावीतल्या मुलाला, माळ्यावरचा संगणक आठवला. "आई, तो टीव्हीला जोडला तर?"

कल्पना झकास होती! एचडीएमआय केबल आणली, संगणक जोडला. पण त्यात होतं विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. विंडोज ११ घालावं, तर त्याला नव्या जातीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आमचा संगणक २०१६ सालचा! दुकानदार म्हणाले, "नवाच घ्या." आजोबा लगेच म्हणाले, "राहू दे गं, मी आपला रेडिओ ऐकीन." मला ते काही बरं वाटलं नाही.

तुम्ही म्हणाल, हे विंडोज म्हणजे नक्की काय? ती एक ऑपरेटिंग सिस्टिम. शाळेत कोणता वर्ग मैदानावर जाणार, कोणता प्रयोगशाळेत, हे वेळापत्रक ठरवतं ना? तसंच संगणकात मेमरी कोणाला, पडदा कोणाला, आवाज कुठून, हे ती ठरवते. ती नसेल तर सगळा गोंधळ!

मग आम्ही तिघांनी वहीत तीन पर्याय लिहिले.

पहिला, विंडोज ११. बहुतेक सगळ्या सेवा त्यावर चालतात. पण संगणक नवा हवा, म्हणजे खर्च आला.

दुसरा, लिनक्स. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली. आता जगभरचे लोक मिळून ते वाढवतात. लिनक्स मिंट हा त्याचाच एक तयार, सोपा प्रकार. तो फुकट मिळतो आणि बऱ्याच जुन्या संगणकांवरही चालतो. उणीव एकच. पैसे भरून पाहायच्या काही सेवा त्यावर चित्र कमी स्पष्ट देतात. कारण चित्रपटाची नक्कल होऊ नये म्हणून त्या जे कुलूप लावतात, त्याची पूर्ण सोय तिथे नसते.

तिसरा, लिब्रेएलेक. हेही लिनक्सच, पण कोडी हा एकच कार्यक्रम चालवण्यासाठी बनवलेलं. आपल्याकडे साठवलेली चित्रणं आणि गाणी पाहायला-ऐकायला छान! मात्र त्यात नेहमीसारखा ब्राउझर नसतो.

आता निवडायचं कसं? चिन्मयने नेमका प्रश्न विचारला, "आजोबा, तुम्ही काय काय बघणार?" ते म्हणाले, "यूट्यूबवरची नाटकं आणि आपल्या घरची चित्रणं." झालं! यूट्यूबसाठी ब्राउझर हवा, पैशाच्या सेवा नकोत. उत्तर मिळालं, लिनक्स मिंट. तुमच्या घरी उत्तर वेगळंही येईल बरं का. पण प्रश्न हाच आधी विचारा.

एक गणितही करा. पूर्ण एचडी चित्राला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट वेग लागतो. तासाचे ३६०० सेकंद, म्हणून १८,००० मेगाबिट. ८ बिटांचा १ बाइट, म्हणजे २,२५० मेगाबाइट, सव्वादोन जीबी! मोबाइलचा रोजचा दीड जीबी डेटा चाळीस मिनिटांतच संपेल. तीन अंकी नाटकाचा पहिला अंक तरी पुरा होईल का? म्हणून ज्यांच्याकडे मोबाइलचाच डेटा आहे, त्यांनी चित्राची स्पष्टता थोडी कमी ठेवावी.

मिंटची एक सोय मला फार आवडली. आधी पेनड्राइव्हवरूनच ते चालवून पाहता येतं. आम्ही पाहिलं. चित्र आलं, आवाज मात्र टीव्हीतून येईना. आवाजाच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय निवडल्यावर तोही आला. आजोबा खूश!

आणि इथेच माझं चुकलं. मिंट कायमचं बसवताना 'डिस्क पुसून टाका' हा पर्याय मी घाईने निवडला. काम झाल्यावर चिन्मय म्हणाला, "आई, तुझ्या चौथीच्या मुलांच्या स्नेहसंमेलनाचं चित्रण कुठे ठेवलंस?" माझ्या पोटात धस्स झालं. ते त्याच डिस्कवर होतं! ती मुलं आता पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली. एका मुलीच्या बाबांकडे निम्मं चित्रण सापडलं, पण मुलांचं नाटुकलं कायमचं गेलं. वर्गाला रोज सांगते, 'घाई करू नका, आधी प्रश्न नीट वाचा,' आणि बाईंनीच तो वाचला नाही! त्या मुलांना भेटून मी माझी चूक सांगितली. एक जण म्हणाला, "बाई, आम्ही परत करून दाखवू की!"

तेव्हा मुलांनो, असा बदल करायचा असेल तर एक मोठं माणूस सोबत घ्या. घरातले फोटो, चित्रणं दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि ती तिथे उघडतात का, हेही पाहा. आधी प्रत, मग बदल!

आमचे आजोबा आता रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसतात. नाटक लावायचं काम अर्थातच चिन्मयचं. तुमच्या घरीही असा एखादा संगणक धूळ खात पडलाय का? बघा बरं जरा!