रंगाऱ्याच्या आधी ब्रेक

जुन्या पिकअपचे काम काढले की घरात पहिली चर्चा रंगाची होते. मला ते पटत नाही. कन्नडचा औट्रम घाट उतरताना रंग कामाला येत नाही, ब्रेक येतो.

विलिजच्या नमुन्यावरून महिंद्राने आपल्याकडे ‘एफसी’ पिकअप गाड्या बांधल्या. केबिन अगदी पुढे, इंजिन बसणाऱ्यांच्या मधोमध आणि मागे मोकळा हौदा. जीपचेच बरेच भाग त्यांच्यात आहेत, म्हणून त्या आजही उभ्या करता येतात. पण त्याच सारखेपणात धोकाही आहे. ‘जीपचा भाग द्या’ म्हटले की दुकानदार डबा पुढे सरकवतो, आणि डब्यावरच्या नावावर विसंबलेला माणूस फसतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे मुख्य गिअरबॉक्सच्या मागचा ट्रान्स्फर केस, स्पायसर 18. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. आतला मधला शाफ्ट मात्र काळानुसार बदलत गेला : आधी पाऊण इंच, मग सव्वा इंचाला एक सूत कमी, शेवटी सव्वा इंच. शाफ्ट एका काळातला आणि गिअर दुसऱ्या काळातला, अशी जोडी बसत नाही. म्हणून खरेदीला जाताना जुना भाग पिशवीत आणि व्हर्निअर खिशात हवा. एक्सलचेही तेच. 43 आणि 8 दात म्हणजे सुमारे 5.38 चे प्रमाण. 39 आणि 8 म्हणजे 4.88. पुढचा एक्सल एका गाडीचा आणि मागचा दुसऱ्या गाडीचा लावून फोर व्हील टाकला, तर डांबरी रस्त्यावर सगळी यंत्रणा पिळवटते. दात मोजायला दहा मिनिटे लागतात, ती द्याच.

तीन गिअरच्या टी-90 बॉक्समध्ये दुसरा गिअर आपोआप सुटत असेल, तर नुसता गिअर बदलून भागत नाही. बेअरिंग आणि शाफ्टची झीजही तपासावी लागते. पितळी सिंक्रो रिंगांसाठी जीएल-4 दर्जाचे ऑईल घ्या. जीएल-5 मधली गंधकयुक्त द्रव्ये पितळ खाऊ शकतात. महाग ते चांगले, हा हिशेब इथे चालत नाही.

आता ब्रेक. व्हील सिलिंडरचे रबरी बूट उचलून आत करंगळी फिरवा. खरखर लागली, खड्डे लागले, तर नवे किट घालून उपयोग नाही. सिलिंडरच बदला किंवा स्लीव्ह घाला. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषते आणि त्या ओलीने लोखंड आतून गंजते. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये चारही चाकांना एकच मार्ग असतो. एक पाईप फुटला की पेडल थेट तळाला जाते. म्हणून दुहेरी मास्टर सिलिंडर बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त तो ड्रमसाठीचाच हवा आणि त्याचा बोअर जुन्याशी जुळायला हवा. बोअर मोठा झाला तर पेडल जड होते, लहान झाला तर खूप खोल जाते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ हवेच्या नळीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

अशा कामासाठी आपल्या वाळूज भागात एक मोठी सोय आहे. 1985 मध्ये इथे बजाजचा कारखाना आला, आणि त्याच्या आसपास ब्रेक, क्लच, गिअर बनवणारे उद्योग वाढले. तिथे जुन्या पिकअपचा भाग मिळणार नाही. पण मापात काम करणारे हात मिळतील. ड्रम लेथवर घेताना मूळ व्यासापेक्षा दीड मिलिमीटरहून जास्त गेला असेल तर तो टाकून द्या, कितीही जड वाटला तरी.

गाडी उभी करताना कागदांचाही विचार करा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरची खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये.

ब्रेकचे काम झाले की हौदा रिकामा ठेवून, मोकळ्या मैदानात ताशी वीसच्या वेगाने ब्रेक दाबून बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर रंगाऱ्याला अजून बोलावू नका.