रिकाम्या गोठ्यात कोंबड्या

संगमनेर तालुक्यात ट्रॅक्टर आले आणि कित्येक घरची बैलजोडी गेली. परसातला गोठा मात्र उभाच आहे. त्यात सरपण आणि मोडकी अवजारे. भगिनींनो, तिथे कोंबड्या ठेवल्या तर अंड्यांचा पैसा तुमच्या हाती राहील.

आधी गोठा रिकामा करा. शेणमुताने मुरलेली माती चार बोटे खरवडून काढा, मुरूम टाकून चोपा. जमीन अंगणापेक्षा फूटभर उंच हवी. भिंतींच्या भेगा लिंपून चुना द्या. भेगांत लपणारी गोचीड रात्री कोंबडीचे रक्त पिते.

खिडक्यांना अर्ध्या इंचाची जाळी ठोका म्हणजे वारा खेळेल. जिथे जाळी जमिनीला टेकते तिथे ती वीतभर गाडा. डालग्यातल्या कोंबड्या मुंगूस संपवते. पश्चिमेला पोत्यांचा पडदा सोडा. पावसाची झड आणि उन्हाळ्यातले उतरते ऊन, दोन्ही अडतील.

एका कोंबडीला दोन चौरस फूट जागा धरा. दहा बाय दहाच्या गोठ्यात 50 कोंबड्या मावतील, जास्त कोंबू नका. खाली तीन इंच भाताचे तूस पसरा. शेजारचा अकोले तालुका भाताचाच आहे. तूस ओले झाले की बदला. ते शेताला खत होते. पाच कोंबड्यांमागे अंड्यांसाठी एक खोके ठेवा.

मानमोडी आली तर खुराडे ओस पडते. म्हणून सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब द्या आणि सहाव्या ते आठव्या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस टोचून घ्या. शेजारणीलाही सोबत न्या. रोगाला कुंपण कळत नाही.