अंगणातल्या पाण्याची वाट

घर बांधताना आपण दिशा पाहतो, मुहूर्त पाहतो, दिवाणखान्याच्या फरशीचा रंग चार दुकाने हिंडून ठरवतो. अंगणात पडलेले पाणी कुठून बाहेर जाणार, हा प्रश्न मात्र मृगाची पहिली सर येईपर्यंत कोणालाच पडत नाही. बँकेत असताना घरकर्जाच्या निमित्ताने नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या भागांतली पुष्कळ घरे मी आतून-बाहेरून पाहिली. प्रकरणात उतारा असे, नकाशा असे, जामीनदारांच्या सह्या असत. अंगणाच्या उताराचा उल्लेख कुठेही नसे. पुढे दहा वर्षांनी त्याच घराची किंमत ठरवायला जावे, तर भिंतीच्या पायथ्याची ओल सगळा हिशेब सांगून टाकी.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला आमचा हा जिल्हा लहान, पण त्यात पाण्याच्या तऱ्हा अनेक. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, पाड्यावरची घरे उतारावर, एकमेकांपासून सुटी, आपापल्या शेताजवळ असतात. तिथे पाणी दाराशी थांबत नाही. खाली तापीच्या सपाटीवर आले की काळ्या मातीचे राज्य सुरू होते. ही माती मोठी लहरी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. एकदा फुगली की पाणी आत मुरू देत नाही. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्याने हलक्या पायाच्या भिंतींना तडे जातात. म्हणून आमच्याकडे छपर गळणे परवडले, पण पायाशी पाणी साचणे परवडत नाही.

जुन्या माणसांना हे न शिकवता ठाऊक होते. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची, पन्हळ भिंतीपासून चांगली हातभर पुढे काढायची, जोते रस्त्यापेक्षा उंच ठेवायचे, हा रिवाजच होता. अंगण सारवणारी घरची बाई हाताने उतार जपत असे. खळगा पडला की दुसऱ्या दिवशी तो भरला जाई. मग सिमेंट आले आणि अंगण कायमचे झाले, उतार चुकला असेल तर तोही कायमचा. त्यात समोरचा रस्ता वाढू लागला. आधी खडी, मग डांबर, मग काँक्रीट. जुने न उकरता त्यावरच नवे. आमच्या घरात पूर्वी तीन पायऱ्या चढून यावे लागे, आता एकच उरली आहे. आम्ही अर्ज केले, त्यांची पोच व्यवस्थित मिळाली. रस्ता खाली आला नाही.

तेव्हा उपाय घरातच शोधायचा. त्यासाठी आधी एक साधी गोष्ट करावी: भर पावसात छत्री घेऊन अर्धा तास अंगणात उभे राहावे. मग कळते की अंगणातले पाणी एक नसून तीन प्रकारचे असते. छपरावरून पडणारे, रस्त्यावरून आत येणारे आणि न्हाणी-मोरीचे. तिघांना एकच औषध देता येत नाही.

पहिले छपराचे. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर पाच सेंटिमीटर पाऊस झाला, तर सुमारे साडेचार हजार लिटर पाणी खाली येते. ते नळीने भिंतीपासून दूर न्यावे आणि जमिनीला भिंतीकडून बाहेर उतार द्यावा. भिंतीलगतच्या पहिल्या दहा फुटांत मातीला सहा इंच उतार असला तर उत्तम. उतार डोळ्यांनी मापू नये. गवंड्याची पारदर्शक नळी पाण्याने भरून दोन टोके दोघांनी धरली की नातवंडांनाही तो मापता येतो.

रस्त्याच्या पाण्याला फाटकाशीच अडवावे: थोडा उंचवटा आणि आतल्या बाजूला जाळीची आडवी नाली. जिथे ओल जमिनीतून झिरपत येते तिथे चर खणून, तळाशी छिद्रांचा पाइप टाकून वर खडी भरतात. इंग्रजीत याला 'फ्रेंच ड्रेन' म्हणतात. नावावरून ही फ्रान्सची देणगी वाटते. पण ते नाव आले अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या हेन्री फ्लॅग फ्रेंच या न्यायाधीशावरून. शेतातले पाणी काढण्यावर त्याने १८५९ साली पुस्तक लिहिले. वॉशिंग्टनच्या स्मारकातला लिंकनचा भव्य पुतळा घडवणारा शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच हा त्याचाच मुलगा.

राहिले मोरीचे पाणी. त्याला शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे करून उघडी गटारे आणि त्यांबरोबर डासही घालवले. पुढे 'नांदेड पॅटर्न' म्हणून त्याची चर्चा राज्यभर झाली. पण खड्ड्याकडून भलती अपेक्षा नको. चार फूट लांब, रुंद, खोल खड्ड्यात दगडगोटे भरले की जेमतेम सातशे-आठशे लिटरची जागा उरते. रोजचे सांडपाणी तो पचवील, मुसळधार पाऊस नाही. शिवाय काळ्या मातीत तो मुरमापर्यंत उतरला तरच उपयोगी, नाहीतर ते नुसते डबके. आधी लहान खळगा खणून पाण्याने भरावा आणि तासाभरात किती ओसरते ते पाहावे. खड्डा पायापासून दहा फूट तरी लांब हवा, विहिरीपासून त्याहून पुष्कळ लांब.

साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा पुरतो, आणि डेंग्यूच्या डासाला तर स्वच्छ पाणीच आवडते. त्यामुळे अंगणातले डबके हा घरातल्या लहानग्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

तो शेजारधर्माचाही आहे. माझ्या पाहण्यातले दोन चुलतभाऊ हातभर नालीपायी अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानुसार वरच्या जमिनीवर पडलेले पाणी आपसूक खाली वाहत आले, तर खालच्याने ते येऊ द्यायचे असते. मात्र तेच पाणी नळीने एकवटून त्याच्या भिंतीवर सोडण्याचा परवाना त्यात नाही. कोर्टाच्या तारखा चालू असतानाच एका म्हाताऱ्या गवंड्याने दोघांना सांगितले, "पानीले वाट द्या भो, नहीतं ते सोता करी लेस." शेवटी हद्दीवर दोघांच्या खर्चाने एक झाकलेली नाली झाली. तिचा खर्च वकिलाच्या आजवरच्या फीपुढे किरकोळ होता. पुढच्या लग्नाची पत्रिका एका घरातून दुसऱ्या घरात गेली, ती मी वाचली आहे.

हे सारे काम वैशाखात करून घ्यावे. तेव्हा जमीन कोरडी असते, मुरूम मिळतो आणि गवंडीही सापडतो. आषाढात पाणी घरात शिरल्यावर तोच गवंडी सगळ्या गावाला हवा असतो.