प्रिंटर दिसेना, म्हणून फायरवॉल बंद?

मे 2017मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तेव्हा चेन्नईजवळच्या ओरगडममधल्या रेनॉ-निस्सानच्या मोटार कारखान्यालाही त्याची झळ बसली. तो विंडोजच्या 445 क्रमांकाच्या पोर्टमधून शिरत होता. फाइल आणि प्रिंटर शेअरिंग चालतं तेही याच पोर्टवर. विंडोजमधल्या ज्या त्रुटीमुळे तो शिरू शकला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती!

म्हणूनच नेटवर्कवरचा प्रिंटर दिसेना की असे पोर्ट राखणारी फायरवॉलच थेट बंद करायची, हा शुद्ध आततायीपणा.

आधी नेटवर्क ‘पब्लिक’ आहे का ते पाहावं; घरचं किंवा ऑफिसचं, विश्वासाचं असेल तर ‘प्रायव्हेट’ करावं. मग शेअरिंगच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ फक्त त्याच प्रोफाइलला सुरू करावं. फायरवॉलचे लागणारे नियम विंडोज स्वतःच उघडतं. राउटरवरून 445 पोर्ट इंटरनेटला मात्र कधीच उघडू नये.